खिडकीची जागा

एकलहऱ्याच्या बसला माझ्याबरोबर रोज एक गृहस्थ असायचे. गर्दी दिसली, की बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकून दोघांची जागा धरायचे. बोलणं बेताचं. "बसा" म्हणायचे आणि खिडकी मला द्यायचे.

निवृत्तीनंतर आम्ही एकाच सहलीतून पॅरिसला गेलो. आयफेल टॉवरच्या मधल्या मजल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पुढच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायला नकार दिला. "तुम्ही या जाऊन. मी इथंच बरी."

टोकावर ही गर्दी. गृहस्थांनी कशीबशी कठड्यापाशी जागा मिळवली, पण खाली पाहिलंच नाही. खिशातून रुमाल काढून जाळीला बांधला.

"जरा लक्ष ठेवा. आणतो तिला."

इथं रुमाल कोण मानतो, असं मी म्हणेपर्यंत ते लिफ्टकडे निघालेसुद्धा. मी हात पसरून उभा राहिलो. लोक हसत होते, पण वळसा घालून जात होते.

बऱ्याच वेळानं ते आले. वहिनींनी डोळे घट्ट मिटून त्यांचा दंड धरला होता. गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडली, तिथं वहिनींचा हात ठेवला आणि हळूच म्हणाले,

"आता उघड डोळे. खिडकीची जागा आहे."