डोमाजींची पहाडी आणि गावठी

“अवो शकू, नाव माहं, पन फुलपाखरू पहाडातलं हाय! आपल्या अमरावतीकडचं. पंखाले डोये असतेत त्याच्या, मोरपिसावानी!”

पार्वताबाई तिवस्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. आवाज खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. अकोल्यातल्या घराच्या अंगणात मच्छरदाणीखाली उकिडवे बसलेले डोमाजी तायडे मात्र आणखीच खाली वाकले. एक तर बायकोचं नाव त्यांना द्यायचं होतं ते दुसऱ्याच फुलपाखराला. आणि समोर ज्वारीच्या पानाला लटकलेल्या कोशातून आत्ता जे बाहेर आलं होतं, ते तिथून निघायलाच नको होतं.

डोमाजी एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर जोडी एकच, ड्रायव्हर गयासुद्दीन. पावसाळ्यात अकोल्याहून चिखलदऱ्याला जादा गाडी सुटायची, ती या दोघांना मिळायची. पाऊस सरला की अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीची फेरी. दोन्हीकडे गाडी मुक्कामी. बाकीचे पत्ते कुटत आणि डोमाजी दिव्यापाशी येणारी पाखरं न्याहाळत बसत. काय ते दिवस! गाडीचं इंजिन थंड होतंय, कुणी गाणं गुणगुणतंय, आणि दिवेलागणीला एक तपकिरी फुलपाखरू झुकांड्या खात एन्ट्री घेतंय. ते दोन्हीकडे भेटायचं. पण चिखलदऱ्याला त्याच्या पंखाखाली गोल गोल डोळे रांगेनं मांडलेले असत, आणि बार्शीटाकळीला नुसतं वाळकं पान. मोबाइल आल्यावर डोमाजींनी फोटो काढले, नावं ठेवली. एक पहाडी, एक गावठी.

निवृत्तीनंतर अमरावतीला एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं की एकाच जातीचा जीव मुलूख बदलला की पिढ्यानपिढ्या वेगळा दिसू लागतो. त्याला उपजात म्हणतात. नवी उपजात निघाली तर तिचं रीतसर बारसं होतं. त्याच दिवशी घरी येऊन ते बोलून बसले, “पार्वता, तुह्यं नाव देतो.” दारावर पाटी डोमाजींची, लोकांच्या तोंडी ‘कंडक्टरीणबाई’. पार्वताबाईंनी “काई नको बापा” म्हटलं आणि पदराआड तिवस्याला फोन लावला.

खात्रीसाठी डोमाजींनी पाऊस सरता सरता चिखलदऱ्याहून हिरव्या, डोक्यावर शिंगं असलेल्या अळ्या आणल्या आणि अंगणात कुंडीतल्या ज्वारीवर वाढवल्या. पहाडी अळीतून पहाडीच निघायला हवं. निघालं गावठी.

“पार्वता, तू कुंडी बदलवली काय?”

“मी काहून बदलवू? मले त्या किड्यांची शिसारी येते!”

दुसऱ्या कोशातूनही वाळकं पान निघालं. डोमाजींना जेवण जाईना. दुसऱ्या दिवशी गयासुद्दीनला घेऊन त्यांनी अमरावती गाठली. व्याख्यान देणारी आरती तिथेच फुलपाखरांचा अभ्यास करते. तिनं मोबाइलमधले फोटो एकेक करून सरकवले.

“काका, हे पहाडी सगळे भर पावसातले. आणि गावठी सगळे पाऊस संपल्यावरचे. चिखलदऱ्याला कधी उन्हाळ्यात मुक्काम केलात?”

“नाई. जादा गाडी पावसाळ्यातच सुटे.”

“मग फुलपाखरू एकच आहे. दमट हवेत वाढलं की डोळे येतात, कोरड्या हवेत वाढलं की पाचोळ्यात लपायला पान होतं. उपजात ठरवायची तर एकाच ऋतूतली, दोन मुलखांतली समोरासमोर ठेवायला हवीत. त्यातही भांडणं होतात. दोन टोकं वेगळी दिसतात, पण मधे एक कुठं संपतं नि दुसरं कुठं सुरू होतं, ते सापडत नाही.”

“म्हंजे अकोल्याचं कुठं सरते अन् अमरावतीचं कुठं लागते, हे तुमालेबी माईत नाई?”

“अबे कंडक्टर, मूर्तिजापूरले,” गयासुद्दीन म्हणाला. “चहा प्याले उतरलं की बदलते!”

आरती हसली. डोमाजींना हसू येईना. इतकं वेगळं दिसणारं एकच कसं? आणि एकच असेल तर आपण इतकी वर्षं दोन काय पाहिली? परतताना गाडीभर त्यांचं हेच चाललं होतं. पण खरी धास्ती घरची होती.

दारातच पार्वताबाई. “काय म्हनली ते पोरगी?”

डोमाजींनी सांगितलं. नवी उपजात नाही, बारसं नाही, नाव नाही.

“मंग मी शकूले काय सांगू?”

“आनखी एक हाय, पार्वता. मी तुह्यं नाव पहाडीले देनार नोयतो. गावठीले देनार होतो.”

“त्या वाळक्या पानाले? काहून? मी अशी दिसतो काय?”

“तसं नाई वं. ते पाचोळ्यात बसलं की शोधू शोधू डोये थकतेत. अन् उडालं की मंग समजते, इथंच होतं, पायाजवळ.”

पार्वताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागावल्या की काय, डोमाजींना कळेना. पार्वताबाईंनी मोबाइल उचलला. “अवो शकू, बारसं रद्द! पन आयक, ते अकोल्याचंबी हाय अन् आपल्याकडचंबी. पावसात डोये उघडते, उन्हात मिटून बसते. माहंच नाव पायजे होतं त्याले, पन सरकारी भेटत नाई म्हने!” आणि त्या खळखळून हसल्या.

यात हसण्यासारखं काय आहे, हे डोमाजींच्या डोक्यात शिरेना. त्यांनी मच्छरदाणी वर केली. दोन्ही फुलपाखरं भिरभिरत निघाली. एक भिंतीवरून पलीकडे गेलं आणि दुसरं कडुलिंबाच्या पाचोळ्यावर उतरलं ते गायबच झालं. डोमाजी पाऊल उचलून शोधायला निघाले.

“थांबा! हालू नका,” पार्वताबाई ओट्यावरून ओरडल्या. “तुमच्या पायाजवळच हाय.”

डोमाजी एका पायावर तसेच उभे राहिले. खाली वाकून पाहू लागले. त्यांना नुसतीच पानं दिसत होती.