एका सीटचा मुऱ्हाळी

आधी एक कबूल करा, मधेच हसायचं नाही. शेवटी हसा पाहिजे तेवढं. कारण हे सांगायला लागलो की माझा चेहरा अजूनही असा होतो, की समोरच्याला वाटतं याच्या घरात काहीतरी वाईट झालंय. आणि त्या दिवशी नेमक्या याच चेहऱ्यानं माझा घात केला!

मी शहापूरचा. म्हणजे बाहेर सांगताना शहापूर, खरं गाव आत, तानसा धरणाच्या बाजूला. कंपनीत शिफ्ट करायची आणि उरलेला टाइम मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, असं माझं सुखात चाललं होतं. त्या व्हिडिओंनीच डोक्यात किडा सोडला. घरच्या घरी कॅफे रेसर बनवायची. माहीत नसेल तर सांगतो. जुनी मोटरसायकल घ्यायची, तिच्या अंगावरचं जादाचं सगळं उतरवायचं, हँडल खाली घ्यायचं आणि टाकीवर जवळजवळ पालथं पडून चालवायची. सांगताना वेडेपणा वाटतो, पण दिसते काय महाराजा!

चासी भंगारातली. टाकी दुसऱ्याच एका मेलेल्या गाडीची. पुढचा दिवा ट्रॅक्टरचा. सगळा संसार आमच्या पडवीत मांडलेला. जे जे फालतू वाटलं ते मी ग्रायंडरनं उडवलं आणि पाण्याच्या जुन्या ड्रमचा तुकडा कापून सीटच्या मागं छानसं कुबड बसवलं. आई विचारायची, हे टेंगूळ कसलं? मी म्हणायचो, स्टाइल असते. बाबा तर काही विचारायचेच नाहीत. येता-जाता गाडीकडं बघायचे आणि शेतावर निघून जायचे. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट.

पण सगळ्यात जास्त छळलं ते दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे मालक. धसईच्या अलीकडं त्यांचं गाव, भाजीची पिकअप चालवतात. दर फोनला पहिला प्रश्न एकच, "झाली का गाडी, का विकायची किलोवर?" मी ठरवून ठेवलं होतं, गाडी उभी राहिली की पहिली यांच्या अंगणात नेऊन लावायची.

आणि गाडी उभी राहिली ती दिवाळीच्या तोंडावर. ताईला भाऊबीजेला माहेरी आणायचं होतं, आणि मुऱ्हाळी जाणार कोण, तर मी. एकुलता एक भाऊ.

आता इथं एक अडचण समजून घ्या. ताईचं माहेरी येणं सोपं राहिलं नव्हतं. तिच्या लग्नात सासूबाईंच्या मानाची साडी गडबडीत भलत्याच बाईच्या हातात गेली. झालं! तेव्हापासून त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. माझी आई आणि त्या एकमेकींशी बोलायच्या ते ताईच्या तोंडून. मागल्या दिवाळीला भाताची झोडणी आहे असं सांगून त्यांनी ताईला सोडलंच नव्हतं. यंदा कशाबशा हो म्हणाल्या होत्या, तेही आज न्या, भाऊबीज झाली की परत आणून सोडा, अशा बोलीवर. ताईनं म्हणे बॅग कधीची भरून ठेवली होती. आईनं मला बजावून सांगितलं होतं, "निल्या, तिथं काय वाकडं बोलू नको. आज नाय आली तर पोर परत कधी येल काय सांगता नाय येत. एसटीनं जा, एसटीनं या."

एसटीनं? एवढी गाडी बनवून एसटीनं जाऊ?

सकाळी आई चुलीपाशी होती. मी करंज्यांचा डबा उचलला. तो बांधायला गाडीवर कुठं जागा नव्हती, म्हणून पोटावर टॉवेलनं करकचून बांधला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, अरे गाढवा, डबा ठेवायला जागा नाय, तिथंच डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता! नाही पडला. मी किक मारली. आई धावत बाहेर आली, माझ्यामागं हात हलवून काहीतरी ओरडत होती. माझ्या सायलेन्सरच्या आवाजात काय ऐकू येणार? मला वाटलं टाटा करतेय. मीही केला.

किन्हवली, सरळगाव करत गेलो. काय सांगू, रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. कापणीवरच्या बायका कोयता थांबवून बघत होत्या. पाठीचा काटा ढिला झाला, मनगटं गेली, पण मी राजा.

ताईच्या अंगणात गाडी लावली. दाजी बाहेर आले, आणि पहिल्यांदा किलोचा भाव काढला नाही. गाडीभोवती फिरले. टाकीवर हात फिरवला. शेजारची चार माणसं जमली. मी हेल्मेट काखेत धरून, पोटावर डबा बांधून उभा. आयुष्यात एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

तेवढ्यात ताई बाहेर आली. नवी साडी, डोक्यात गजरा, एका हातात बॅग, काखेत लाल भोपळा. हसतच आली, सासूबाईंच्या पाया पडली आणि सरळ गाडीच्या मागच्या अंगाला गेली. बाया बसताना सावरतात तशी साडी सावरली, आणि बसायला हात मागं टाकला तो माझ्या कुबडावर पडला. तिनं वाकून बघितलं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

अंगणातले सगळेच माझ्याकडं बघायला लागले.

अहो, इतके महिने मी गाडी बनवत होतो, पण मुऱ्हाळी जायचं म्हणजे येताना मागं कुणीतरी बसणार असतं, हे माझ्या टाळक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं! मी फक्त दाजींना दाखवायला निघालो होतो.

आता शहाणा माणूस काय म्हणाला असता? चुकलो ताई, चल एसटीनं जाऊ. संपला विषय. पण दाजींच्या मिशीत हसू फुटायला लागलं होतं. ते मला बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाय गो ताई, मी न्यायला नायच आलो. नुसता डबा द्यायला आलो."

ताईचा चेहरा उतरला. हातातली बॅग तिनं खाली ठेवली. तिच्या सासूबाई, त्यांना मी मावशी म्हणतो, त्या पुढं आल्या. न्यायचं ठरलं होतं ना, म्हणाल्या. आता घरी काय बिनसलं? सुनेला आम्ही सोडत नाय म्हणून गावभर बोभाटा, आणि सोडली तर तुम्हाला नको?

साडीचं प्रकरण परत पेटणार असं दिसलं. मी घाबरलो. घाबरलो की मी पहिली सुचेल ती थाप मारतो. म्हटलं, "तसं नाय मावशी. आईला जरा बरं नाय. चक्कर येते."

संपलं. ताईनं तिथंच आईला फोन लावला. आई चकल्या तळायला बसली की तिला फोन ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. ताईलाही माहीत असणार, पण त्या क्षणी कुणाला सुचतंय? बाबांना लावला, तर ते शेतावर, तिथं रेंज नाही. ताईनं माझा दंड धरला. "निलेश, खरं सांग," ती म्हणाली, "आई हाय ना?"

मी म्हटलं, अगं हाय, चांगली हाय. पण माझा तो चेहरा! थाप पचत नाही म्हणून काळवंडलेला. त्यांना वाटलं पोरगं दुःख दाबतंय.

आणि मग मावशींनी गाडीकडं बोट दाखवलं. "बघा तरी," त्या दाजींना म्हणाल्या, "गाडीचं अर्धं सामान पण लावायचं राहिलंय. तशीच घेऊन पळत आला बिचारा. घरात काय झालं असंल त्याशिवाय कोण असल्या गाडीवर एवढ्या लांब येतंय?"

माझी इतक्या महिन्यांची मेहनत! मी बोलायला तोंड उघडलं, आणि सगळ्यांच्या माना हलताना बघून मिटलं. एका बाईनं माझ्या पोटावरचा डबा सोडला. अशातही लेकीचा डबा विसरली नाही माउली, असं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. दाजींची मिशी आता गंभीर झाली होती. ते पिकअपची चावी आणायला आत पळाले.

आमच्या घरी पाऊल न टाकणाऱ्या मावशी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मधे ताई, रडून डोळे लाल. मागं काकड्यांची पोती तशीच. मला म्हणाले, तू पण पिकअपमधे बस. मी कसला बसतोय! मला काहीही करून त्यांच्या आधी घर गाठायचं होतं, आईला अंथरुणात घालायचं होतं आणि गोधडी पांघरायची होती. म्हटलं मी पुढं होतो, आणि गाडी पिळली.

रेसर नाव लावलंय, तर आज तरी पळेल असं वाटलं. सरळगावच्या आधी एसटीनं मला मागं टाकलं. मग एका टेम्पोनं. मग पिकअप शेजारी आली, दाजींनी काच खाली करून सांगितलं, सावकाश चालव, आता तूच त्यांना आधार. मी जोर लावला तशी चेन उतरली, चाकात अडकली, आणि गाडी फुसकन बसली. ती बसलीच.

तर माझी कॅफे रेसर काकड्यांवर आडवी, तिच्यामागं पोत्यांमधे मी. रस्ताभर मी मनात एकच घोकत होतो, देवा, मला काहीही होऊ दे, पण ताईचं माहेर बंद होऊ देऊ नको. थाप कळली तर मावशी परत तिला सोडणार नव्हत्या, यात मला शंका नव्हती.

घरापाशी पिकअप थांबली. आई पडवीत ठणठणीत, कढईपुढं, झारा हातात. तिनं वर बघितलं. तिला काय दिसलं असेल? पुढं विहीणबाई, ज्या कधी येत नाहीत. मधे लेक रडतेय. मागं माझी गाडी आडवी पडलेली. आणि मी कुठं नाही, कारण मी पोत्यांच्या मागं दडून बसलेलो!

"माझा निल्या," एवढंच ती म्हणाली. हातातला झारा पडला, डोळे फिरले आणि ती तिथंच आडवी झाली.

मी उडी कशी मारली मला आठवत नाही. काकड्या तुडवत गेलो. त्या घडीला गाडी, दाजी, थाप, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. आई मी हाय, आई मी हाय, एवढंच ओरडत होतो. पण माझ्याआधी मावशी पोचल्या होत्या. आईचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाला लावला. आईनं डोळे उघडले. आधी मावशींना बघितलं, मग मला. माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कान ओढून खात्री केली, आणि हुंदका देऊन हसली. मीही रडलो. लाज कसली?

मावशी म्हणाल्या, "पोरगा सांगत होता चक्कर येते म्हणून. खरं सांगू, विहीणबाई, मला मधेच वाटलं थापा मारतोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. तुमच्याही आईनं कधीतरी तसं बघितलं असेल, सगळं आरपार दिसतं तिला. मग तिनं डोळे मिटले आणि मावशींच्या मांडीवर डोकं नीट टेकवलं. "हो ना हो बाई," ती म्हणाली, "सकाळपासून घेरीच येतेय."

हुश्श! काय सांगू तुम्हाला, छातीवरचं भाताचं पोतं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं.

मावशींनी आईला उठू दिलं नाही. स्वतः कढईपुढं बसल्या आणि उरलेल्या चकल्या तळल्या. संध्याकाळपर्यंत दोघींचा आवाज पडवीभर. निघताना ताईला म्हणाल्या, झोडणीचं आम्ही बघतो, तू आईला बरं वाटेपर्यंत रहा. ताईनं मावशींना मिठीच मारली.

तेवढ्यावर सुटलो असतो तर किस्सा कसला? दाजी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझं काम घाईत अर्धवट राहिलं. गाडी मी मुरबाडला नेतो, पुरी करून देतो. भाऊबीजेची भेट समज." मी तोंड उघडलं. आतून, अंथरुणातून, आई खोकली. मी तोंड मिटलं.

भाऊबीजेला बाबा शेतावर असताना दाजी गाडी घेऊन आले. कुबड गायब. जागेवर लांब, गुबगुबीत, दोन माणसांचं सीट. मागं कॅरिअर, बाजूला साडी गार्ड, पुढं मडगार्ड, हँडल छातीएवढं वर, आरशांना रंगीत झिरमिळ्या.

पुढं ताईला सासरी पोचवायला निघालो तेव्हा बाबा शेतावरून आले. गाडीपाशी थांबले. सीटवर तळहात दाबून बघितला, कॅरिअर हलवून बघितलं, ताईला मागं आरामात बसलेलं बघितलं. आणि ज्या माणसानं जन्मात कधी माझ्या हाताचं कौतुक केलं नाही, तो माझा बाप माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आता झाली बघ गाडी. मला वाटलं नव्हतं तुला जमंल."

काय सांगणार? म्हटलं, हो बाबा, सीट तेवढं राहिलं होतं.