भरलेलं पातेलं आत जातं

माझा स्वभावच संशयी. सख्ख्या मेहुण्याने मिठी मारली तरी मी आधी खिसा चाचपतो. म्हणून तर कैरोतल्या त्या नदीकाठच्या हॉटेलने मला कामगारांच्या दारावर बसवलं आणि एकोणीस वर्षं हलवलं नाही. बाहेर जाणाऱ्याची पिशवी उघडून बघायची, हे माझं काम. आतलं अन्न बाहेर जाता कामा नये, उरलेलंही नाही. पाहुण्यांनी टाकलेलं मटण, भात, मिठाया रोज दुपारी चारला पिंपात जायचं, आणि कोणी काढून खाऊ नये म्हणून वरून ब्लीच ओतायचे.

त्या दारातून इन्शिराह यायची. भांडी घासायला होती. दक्षिणेला बनी सुएफकडच्या गावची विधवा, एकुलती मुलगी सासरी, ही इम्बाबाच्या गरीब वस्तीत गच्चीवरच्या खोलीत एकटी. साबणाने बोटं सोलून निघालेली, पण तोंडाला खळ नाही.

"मितवल्लीचाचा, तुम्ही स्वर्गाच्या दारावर बसलात ना, तर आत एक माणूस जायचा नाही."

"लबाडांनी जाऊच नये," मी म्हणायचो.

तिचं मला काय खटकलं सांगू? चोर येतो रिकाम्या पिशवीने आणि जातो भरल्या पिशवीने. हिचं सगळं उलटं. सकाळी येताना काखेत भलंमोठं पातेलं, आणि संध्याकाळी तेच घासूनपुसून रिकामं. एकदा मी झाकण काढलं. आत कोशरी होती. भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा. चिमणीएवढी बाई आणि जेवण सात जणांचं!

"एवढं कोण खाणार गं?"

"आम्हीच. तीन वाजता, धोबीखान्यामागे. या ना जेवायला!"

"तुझ्या हाताला बरकत येवो. चालू द्या तुमचं."

आमच्याकडे जेवायला बोलावणं ही रीत आणि नको म्हणणं हीसुद्धा रीत. भर नदीतून जाणारा नावाडीही काठावरच्याला 'या जेवायला' म्हणतो, त्यात त्याचं काय जातं? इन्शिराह रोज म्हणायची, मी रोज नको म्हणायचो. आणि रोज माझ्या मनात पाल चुकचुकायची. एवढं गोड बोलणारी बाई काहीतरी लपवत असणारच.

महिनाभर विचार केल्यावर उलगडा झाला. ही आत जेवण विकत होती! हॉटेलच्या वेळेत, हॉटेलच्या ताटल्यांत बयेने स्वतःची खानावळ काढली होती. मी तडक मॅनेजर रऊफसाहेबांकडे गेलो.

"पुरावा आहे?" साहेबांनी विचारलं.

"रंगेहाथ पकडून देतो. तीन वाजता, धोबीखान्यामागे."

जणू हा पत्ता मीच हुडकून काढला होता.

तीनला आम्ही दोघे दबक्या पावलांनी गेलो. उपड्या क्रेटवर सहा जण बसले होते. धोबीखान्यातल्या दोन बायका, सॅलड चिरणारा, दोन माळी आणि इन्शिराह. मध्ये वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर ते पातेलं. बाजूला एक ताटली रोटीने झाकून ठेवलेली.

"किती घेते ही तुमच्याकडून?" साहेबांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सॅलडवाल्याला तर हसूच फुटलं.

"घेते? साहेब, आम्ही पहाटेपासून उपाशी राबतो. आतल्या घासाला हात लावला तर नोकरी जाते. ही आहे म्हणून पोटात काही पडतं."

"मला एका माणसाचं शिजवायला येतच नाही, साहेब," इन्शिराह म्हणाली. "पातेलंच तेवढं आहे माझ्याकडे."

"आणि ही झाकलेली ताटली कोणाची?"

शहाता माळ्याने माझ्याकडे बोट केलं. "मितवल्लीचाचांची. ती रोज काढून ठेवते. साडेतीनपर्यंत वाट बघते, मग आम्ही वाटून खातो."

माझे कान तापले. मी आयुष्यभर माणसांचे खिसे तपासले आणि ही बाई रोज माझं पान मांडत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, चूक माझी झाली, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मला माझी खुर्ची दिसत होती.

"बाहेरचं अन्न आत आणायला मनाई आहे," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

हात जोडून विनवण्या करणाऱ्यांतली ती नव्हती. पातेलं धुतलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि दारावर आली. नियमाप्रमाणे मला झाकण उघडावं लागलं.

"बघा चाचा, रिकामं आहे," ती म्हणाली. "आज तुमच्या वाट्याचं शहाताने खाल्लं. राग मानू नका हं."

मी मान वर केली नाही. ती गेली.

चार वाजता, पिंपावर ब्लीच ओतायच्या आधी, साहेबांनी माझ्यासाठी एक ताट धाडलं. सबंध मांडी, मनुका घातलेला भात. आणणारा वेटर म्हणाला, "तुमच्या इमानदारीबद्दल."

सकाळपासून मीही उपाशीच होतो. मटण मऊ होतं. मी सगळं खाल्लं, हाडंसुद्धा चोखली.