तळ्याच्या कर्जाची दवंडी

सटवाजी दवंडीचा मजकूर डोळे मिटून ऐकायचा. बलदियाच्या, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेच्या, कचेरीच्या पायरीखाली तो हलगी मांडीवर घेऊन बसायचा आणि मी वर उभा राहून कागद वाचायचो. तीनदा. तिसऱ्या खेपेनंतर तो सगळा मजकूर एक अक्षर न चुकता म्हणून दाखवायचा. मात्र एखादा शब्द कळला नाही, तर जागचा हलत नसे. "समजल्याबिगर तोंडातून काडायचं न्हाई, साहेब. लोकं मला इचारतेत, कागदाला न्हाई."

ही निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, पाथरीच्या रस्त्यावरचं. मी बलदियात कारकून. सटवाजी वयानं माझ्या वडिलांएवढा. कचेरीत सगळे त्याला 'सटव्या' म्हणत. मी 'सटवाजी' म्हणे आणि तेवढ्यावर स्वतःला मोठा उदार समजे. करत मात्र अरे-तुरेच होतो. ती सवय आज लिहितानाही सुटत नाही, याची लाज वाटते.

त्याची वस्ती वेशीबाहेर. त्या लोकांनी गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, अशी रीत. बायका रिकाम्या घागरी घेऊन विहिरीपासून लांब बसून राहत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. सटवाजीची बायको गयाबाई उन्हाळ्यात तिथं निम्मा दिवस काढी. आम्ही येता-जाता ते रोज बघत होतो आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

अशात गावासाठी तळं बांधून नळानं पाणी द्यायचं ठरलं. निम्मा पैसा सरकार देणार होतं, निम्मा बलदियानं लोकांकडून कर्जाऊ उभा करायचा होता. पैसे देणाऱ्याला कर्जरोखा मिळणार, वर्षाला व्याज मिळणार. कर्ज पुरं भरलं नाही, तर सरकारचाही पैसा नाही आणि तळंही नाही. हे मी वाचून दाखवलं, तेव्हा सटवाजीनं एक डोळा उघडला.

"म्हंजी सरकार आमच्याकडून उसनं घ्यायलंय?"

"हो."

"आन् याज आमाला देनार?"

"हो."

"मंग सावकार आमी!" तो इतका हसला की हलगी मांडीवरून घसरली. "घरी जाऊन सांगतो, गये, तुजा दादला सावकार झाला!"

हसू ओसरल्यावर त्यानं विचारलं, "पानी कुटंकुटं येनार?"

"गावात."

"गावात म्हंजी समद्या गल्ल्यांत? आमच्याकडं बी?"

त्या दिवशी माझ्या टेबलावर टपालाचा ढीग पडला होता आणि सकाळपासून डोकं ठणकत होतं. नळ कुठवर जाणार हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायचाही कंटाळा आला होता. "हो रे बाबा, सगळीकडे. जा आता," मी म्हणालो.

तो गेला. चौकाचौकांत हलगी वाजली. कागदावरचं सगळं जसंच्या तसं सांगून शेवटी तो म्हणे, "आन् नळ समद्या गल्ल्यांत बसनार! येशीच्या आत बी आन् भायेर बी!" मी खिडकीतून ऐकलं. तिथल्या तिथं थांबवायला हवं होतं. पण मोठे व्यापारी हात आखडून बसले असताना दुसऱ्या दिवसापासून कोष्टी आले, तेली आले, जन्मात कचेरीची पायरी न चढलेली माणसं कनवटीचे पैसे घेऊन आली. सर्वांत लहान रोखा पंचवीस हाली, म्हणजे निजामी चलनातल्या, रुपयांचा. सटवाजीच्या वस्तीनं वर्गणी करून तसा एक घेतला, सटवाजीच्या नावावर. त्यात गयाबाईच्या पायांतले चांदीचे वाळे गेले. कर्ज पुरं भरलं. बलदियाचे मोठे साहेब खूश झाले, मीही गप्प बसलो.

तळ्याचं काम रखडत रखडत झालं. एका पावसात बांध खचला, तो पुन्हा घातला. नळ टाकायची वेळ आली, तेव्हा उरलेला पैसा बाजारपेठ, कचेऱ्या आणि वेशीच्या आतल्या चार गल्ल्यांपुरताच होता. माझ्या गल्लीत नळ आला. कोष्ट्यांकडे नाही, तेल्यांकडे नाही. वेशीबाहेर तर नाहीच नाही.

लोक कचेरीवर आले. व्याज वेळच्या वेळी मिळत होतं, ते खोटं नाही, आणि साहेब तेच पुन्हापुन्हा सांगत होते. गर्दीच्या मागून गयाबाई ओरडली, "याज काय घागरीत भरू?"

साहेबांनी दवंडीचा जुना कागद मागवला. मी काढून दिला. त्यात गल्ल्यांचा उल्लेखही नव्हता. "मग हे बोललं कोण?" त्यांनी विचारलं. मी कागदाकडे बघत राहिलो. माझं घर त्या पगारावर चाललं होतं. दारातून सटवाजी म्हणाला, "म्या म्हनलं, सरकार. माज्या पदरचं."

हुकूम झाला की त्यानंच गल्लोगल्ली जाऊन तसं सांगावं, आणि नीट सांगतो की नाही ते बघायला कारकुनानं बरोबर जावं. म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही निघालो. पुढं तो, मागं कागद धरून मी. "ऐका हो ऐका! नळाचं बलदियानं सांगितलं नव्हतं. सटवानं सांगितलं. सटवा खोटं बोलला!" कोष्ट्यांच्या गल्लीत कुणी शिव्या दिल्या. तेल्यांची एक म्हातारी "सटवा, तू बी का?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्याच्या स्वतःच्या वस्तीत माणसं दारात उभी राहिली, पण कुणी चकार शब्द काढला नाही. गयाबाई समोर उभी असताना तिथंही तो तितक्याच मोठ्यानं ओरडला.

परतताना मी म्हणालो, "सटवाजी, माझं नाव घ्यायचं होतंस." आता म्हणायला माझं काय जात होतं?

"घिऊन नळ आला आसता का? तुमची नोकरी तेवडी गेली आसती." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "लय दमलो, साहेब. दवंडीला दुसरा मानूस बगा." त्यानंतर तो कचेरीत आला नाही. दवंडीचे महिन्याचे चार रुपये बुडाले, तरी आला नाही.

राजवट गेली त्याच वर्षी सटवाजीही गेला. नळ तोवर वेशीच्या आतच होता. गयाबाईपुढं सगळं कबूल करायचं, असं ठरवून मी वस्तीत गेलो. पण "गयाबाई, त्या नळाचं..." याच्या पुढं जीभ उचलेना.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पयल्या दवंडीच्याच दिशी आमी ह्यायला इचारलं व्हतं, नळाचं कोन म्हनलं म्हनून. ह्यायनी तुमचं नाव सांगितलं व्हतं."

"मग दुसऱ्या दवंडीला इथं वस्तीत कुणी काही बोललं कसं नाही?"

"ह्यायनीच सांगून ठिवलं व्हतं. म्हनले, कारकून साहेबाला कुनी काय बोलू नगा, त्या दिशी त्यायला कामाची घाई व्हती."

त्या दुपारी वस्ती गप्प राहिली ती सटवाजीवर रुसून, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. दारातली ती सगळी माणसं त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.