मधोमध टांगलेली बादली
केळी आंबल्याचा वास आला की मला माड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याचं ते वर्ष आठवतं. वालीवच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून मी भुंगे पकडायचा सापळा आणला होता. वासाची कुपी आणि आंबलेली केळी घातलेली बादली. ती मी आमच्या नारळाच्या वाडीत मधोमध टांगली. रोज भुंगे सापडत, मी खूश. काही महिन्यांनी बाबांनी एका माडाला कान लावला. "ऐक," म्हणाले. आत अळ्या कुरतडत होत्या. पोखरलेले सगळे माड त्या बादलीभोवतीच निघाले. वासाने आसपासच्या वाड्यांतले भुंगे आले, आणि बादलीत न पडलेले आमच्या झाडांत शिरले. सापळा माडांपासून लांब, मोकळ्यावर लावायचा असतो. सात माड तोडले. बाबा दमून ओट्यावर बसले होते, तेवढ्यात शेजारचे काका आले. "बादली मधोमध कोणी टांगली रे?" "मीच," बाबा म्हणाले, "अक्कल कमी पडली." मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते, तो काकांपुढे केला. बाबा आता नाहीत. काका अजून भेटले की बाबांच्या त्या अकलेवरून हसतात, आणि मीही हसते.