खुराड्यावरचं प्लॅस्टिक

आमच्या घरातली कोणतीही वस्तू अजून पुरती आमची झालेली नाही. फ्रिजच्या दारावर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच आहे, टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, आणि गाडीच्या मागच्या सीटवर पाहुणा जरा हलला की कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज येतो. सगळी खोकी माळ्यावर जपून ठेवलेली आहेत. 'आणि परत करायची वेळ आली तर?' हा प्रश्न मी आजवर प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारलेला आहे. (लग्नाच्या वेळी विचारला नव्हता असं माझं म्हणणं. सुजाताला, म्हणजे माझ्या बायकोला, तशी खात्री वाटत नाही.)

अशा माणसावर कोंबड्यांचं खुराडं विकत घ्यायची वेळ आली.

वडील गेल्यावर आई वाशीमजवळच्या आमच्या गावी एकटीच राहत होती. मी दर रविवारी फोनवर म्हणायचो, "पुण्याला चल." ती म्हणायची, "येतो ना बापा, पण माह्या कोंबड्या कोनापाशी सोडू?" एका रविवारी मी उदारपणे म्हणालो, "त्याही आण की." बोलायला काय जातं! पुढच्याच आठवड्यात आई ट्रॅव्हल्सच्या बसमधून उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बांबूचं डालगं, त्यावर जुनं लुगडं बांधलेलं, आणि आत तांबडी आणि काळी.

आम्ही बिबवेवाडीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे गच्ची आमचीच. दिवसभर कोंबड्या गच्चीवर फिरत, तिन्हीसांजेला आई त्यांच्यावर डालगं पालथं घाले. वडील गेल्यापासून आई जवळजवळ बोलेनाशी झाली होती. गच्चीवर मात्र ती कोंबड्यांशी भरभरून बोलायची. पुण्याचं पाणी, पुण्याची भाजी, सुनेचा चहा, सगळे विषय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते ऐकताना मला फार बरं वाटायचं. आईनं आता इथंच राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. ते तिला सांगावं, एवढं मात्र सुचलं नाही.

मग तांबडी जिना उतरून खाली गेली आणि सानेकाकांच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसली. नुसती बसली असती तरी चाललं असतं.

सानेकाका आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. ते वर आले. चिडले वगैरे नव्हते. पुण्यात चिडायची गरज पडत नाही.

"कोंबड्या कायमच्या आहेत की तात्पुरत्या?" त्यांनी विचारलं.

"अजून तसं ठरलेलं नाही," मी म्हणालो.

"ठरवा. तात्पुरत्या असतील तर पाठवून द्या. कायमच्या असतील तर रीतसर खुराडं आणा. टोपलीखाली प्राणी आणि टोपलीवर वीट, ही व्यवस्था आठवडी बाजारात शोभते. महिनाअखेरपर्यंत बघा. आणि सीट मी पुसली आहे, आपण त्रास घेऊ नका."

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. तयार खुराडी लाकडाची मिळतात, प्लॅस्टिकची मिळतात, पत्र्याची मिळतात. घरी आणून फक्त स्क्रू पिळायचे. कुणाला चाकं असतात, कुणाला उतरतं छप्पर, कुणाला अंडी काढायला मागून वेगळं दार. मी तक्ता केला. हिंजवडीला जाताना कंपनीच्या बसमध्ये बसून रोज त्यात भर घालू लागलो. एकदा मीटिंगमध्ये चुकून तोच तक्ता मोठ्या पडद्यावर उघडला गेला. 'वायुवीजन', 'विष्ठा-निचरा', 'रहिवाशांची क्षमता' हे रकाने बघून आमच्या मॅनेजरनं शांतपणे विचारलं, "हा कुठल्या क्लायंटचा प्रोजेक्ट?" मी म्हणालो, "अंतर्गत आहे." त्यांनी मान डोलावली आणि डेडलाइन विचारली.

खुराडी विकणाऱ्या माणसाला मी इतक्यांदा फोन केला की तो माझा आवाज ओळखू लागला. "सर, कोंबड्या दोनच आहेत ना? मग छोटं घ्या."

"पण पुढेमागे वाढल्या तर?"

"मग मोठं घ्या."

"पण नाही वाढल्या तर?"

यावर तो फोन दुसऱ्याकडे द्यायचा.

आई हे सगळं बघत होती. मार्केट यार्डातून कोंबड्यांसाठी ज्वारी आणताना तिनं मला वाटेत थांबवलं. "बाबू, अजून एक डालगं घे अन् मोकया हो."

"आई, त्याला खालून जाळी नसते. आणि सोसायटीला चालणार नाही."

"मंग घे ना एखांदं खुराडं. ठेवाचं हाय का नाई कोंबड्यायले, तेवढं सांग मले."

"विचार चाललाय," मी म्हणालो. आई ज्वारीची पिशवी घेऊन पुढं चालू लागली. ती काय विचारत होती हे सुजाताला घरबसल्या कळलं, मला शेजारी उभं राहून कळलं नाही.

अखेर महिना संपता संपता मी लाकडी खुराडं मागवलं. (निर्णय मी घेतला असं नाही. सुजातानं माझा फोन घेतला आणि बटण दाबलं.) खोकी आली, रविवारी जोडणी झाली. हिरवं छप्पर, जाळीची खिडकी, चढायला छोटी शिडी. खुराडं खरोखर देखणं होतं. प्रत्येक फळीवर पारदर्शक प्लॅस्टिक होतं, ते अर्थातच मी काढू दिलं नाही. परत करायची मुदत पंधरा दिवसांची होती, आणि एक ओरखडासुद्धा चालणार नव्हता. मी आत पेपर अंथरले, पेपरवर जुनी चादर, शिडीला फडकं गुंडाळलं. कोंबड्यांना आत सोडताना पाय पुसून सोडायचं, असाही नियम केला. तांबडी पाय पुसून घ्यायला तयार नव्हती. काळी आत गेली, चादरीसकट प्लॅस्टिकवरून घसरली, आणि तिनं असा काही आकांत मांडला की सानेकाकांनी खालूनच विचारलं, "कायमच्या आहेत वाटतं?"

"हे प्लास्टिक काहून नाई काढत?" आईनं विचारलं.

"परत करायचं झालं तर अडचण नको."

"परत काहून करशीन?"

इथं गप्प बसणारी माणसं जगात असतात. मी म्हणालो, "समजा, तुला इथं नाही करमलं. तू गेलीस परत, तर हे घेऊन आम्ही काय करणार? म्हणून मुदत संपेपर्यंत..."

"अस्सं."

"मुदत तुझी नाही गं, खुराड्याची."

आईनं काळीला उचललं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माह्या गादीवरचंई प्लास्टिक तसंच हाय, बाबू. कूस पालटली का वाजते."

मी आत जाऊन पाहिलं. तिच्यासाठी आणलेल्या नव्या गादीवर, चादरीखाली, प्लॅस्टिक होतं. ते मीच ठेवलं होतं, कुठलाही विचार न करता, सवयीनं. आई आल्यापासून त्याच्यावर झोपत होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती. मला एवढी लाज वाटली की काहीतरी केल्याशिवाय राहवेना. मी स्वयंपाकघरातून सुरी घेतली.

गादीचं प्लॅस्टिक फाडलं. मग तसाच गच्चीवर धावलो आणि खुराड्याचं फाडायला लागलो. "बघ आई, काढलं. हेही काढलं. छपरावरचंही." मी सुरी घेऊन लांबच लांब पट्ट्या ओरबाडत होतो, वारा सुटला होता, पट्ट्या फडफडत होत्या. कोंबड्यांच्या दृष्टीनं घरातला एक पुरुष हातात सुरी घेऊन त्यांच्या दिशेनं येत होता. तांबडी कठड्यावर उडाली आणि तिथून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या डब्यावर जाऊन बसली. पट्ट्या खाली सानेकाकांच्या तुळशीवर पडल्या. सगळी सोसायटी खाली जमली आणि वर बघू लागली. कुणीतरी अग्निशमन दलाला बोलवा म्हणालं. कुणीतरी म्हणालं, आधी त्याच्या हातातली सुरी घ्या.

आई तिसऱ्या मजल्यावर गेली, तिथल्या खिडकीत मूठभर ज्वारी ठेवली आणि "ये माय, ये" म्हणाली. तांबडी आली. ज्वारीसाठी आली की आईसाठी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं पिशवी भरली. सुजातानं खूप विनवलं. आईला राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मुदतीच्या आत चाल्लो," ती डालग्यावर लुगडं बांधत म्हणाली. "तुहं नुकसान नोको."

नुकसान व्हायचं ते झालंच. प्लॅस्टिक नाही म्हणून कंपनीनं खुराडं परत घेतलं नाही. आई गेली आणि खुराडं राहिलं. सानेकाका वर येऊन त्याची पाहणी करून गेले. "उत्तम आहे. रिकामं असल्यामुळे अगदी नियमात बसतं," म्हणाले. मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्याच्या शेजारी बसायचो. गच्चीवर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

शेवटी एका रविवारी मी ठरवलं की आता सरळ सांगायचं. फोन लावला. आई 'जयभीम' म्हणाली, मीही म्हणालो. तिनं जेवण विचारलं, मी सांगितलं. मग मी घसा खाकरला. सुजाता समोर उभी होती, हातानं 'बोला, बोला' करत होती.

"आई," मी म्हणालो, "मी खुराड्याची वॉरंटी वाढवून घेतली."

सुजातानं कपाळावर हात मारला. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"किती वर्साची?" आईनं विचारलं.

"पाच."

"पाच वर्सं..." तिचा आवाज जरा ओला वाटला. "एवढी नाई जमाची बापा मले. दिवाळी होऊ दे. मंग येतो अन् पाह्यतो."

फोन ठेवल्यावर मी डोळे पुसले. सुजातानंही पुसले, आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, 'आई, ये' एवढे दोन शब्द म्हणता येत नव्हते?"

येत होते. पण बाजारात त्यांना आणखी काय काय पर्याय आहेत, ते मी अजून पाहिलेलं नव्हतं.