टाळूचं भोक

"साधी चालेल. हिला कुठं भाषण द्यायचंय?"

शेठ डॉक्टरला म्हणाला. दोघं हसले. डहाणूच्या त्या दवाखान्यात चार खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मी फरशीवर उकिडवी बसले होते. शेठसमोर आम्ही खुर्चीवर बसत नाही. त्याच्या बोर्डीच्या वाडीत वीस वर्षं चिकू काढले, तेवढं अंगवळणी पडलं होतं.

कॅन्सरमध्ये माझा वरचा जबडा गेला. ऑपरेशननंतर टाळूला भोक राहिलं, थेट नाकात उघडणारं. पेज प्यायले की नाकातून यायची. डॉक्टरने टेबलावर नमुन्याच्या दोन कवळ्या ठेवल्या होत्या. एक साधी, नुसते दात. दुसरीला वरून गोळा, तो भोकात बसतो, पेज अडवतो, आवाजही नाकात जाऊ देत नाही. पण तो तोंडाच्या मापाने घडवावा लागतो, पाच-सहा खेपा होतात. ऐन तोडणीत शेठला माझ्या खेपा नको होत्या. मला कुणी विचारलंच नाही. आणि मी? नंदीबैलासारखी मान डोलावली. त्याचा राग मला अजून येतो.

मी धवलेरी. तलासरीकडच्या आमच्या पाड्यांत लग्न भटजी लावत नाही, धवलेरी गाऊन लावते. साधी कवळी घालून भाचीच्या लग्नाला गेले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या देवीच्या चौकासमोर बसले, देवीला हाक मारली. आवाज निघाला तो गेंगाणा. आमच्याकडे म्हणतात, भूत नाकातून बोलतं. नवरीने आईचा हात घट्ट धरला.

"तुझा आवाज कठं गेला गो, बाय?" म्हातारी काकी म्हणाली.

मग दुसऱ्या पाड्यातून धवलेरी आणली. मी मांडवामागे बसून तिचं गाणं ऐकलं. तेव्हापासून माझा जुना आवाज माझ्यामागे हिंडतो. शेतात, चुलीपुढे. मी तोंड उघडते आणि दुसरंच कुणी बोलतं. मला माझीच भीती वाटते.

शेठने आणि डॉक्टरने मला जिवंतपणी भूत केलं, हसत हसत. हे कळलं त्या दिवशी तोडणी सोडून एकटी एसटीने डहाणूला गेले. खुर्चीत बसले. कवळी काढून टेबलावर ठेवली.

"शेठला विचारलंस?" डॉक्टर म्हणाला.

"तोंड माझा हाय," मी नाकातूनच म्हटलं. "माना विचार."

दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा बाहेरचे पेशंटही वळून बघायला लागले. मग त्याने माप घेतलं.

आता दर आठवड्याला जाते. गोळा अजून नीट बसत नाही. पहिला गळा परत येईल असं मला कुणी सांगितलेलं नाही. वाडीत येऊ नको, असा शेठचा निरोप आलाय. येऊ दे.

परवा दवाखान्यात झाईकडची एक बाई भेटली. तिच्याही जबड्याचं तेच. तिच्या वाडीचा मालक डॉक्टरशी बोलत होता, ती खाली बघत होती. मी टेबलावरच्या नमुन्याच्या दोन्ही कवळ्या उचलून तिच्या हातात दिल्या. कुठली काय करते ते सांगितलं.

"तू कोण गं?" मालक ओरडला.

त्याला उत्तर नंतर. आधी ती बोलेल. ती बोलेपर्यंत मी तिथून हटणार नाही.